मेडिकलच्या काउंटरवरून रंगमंचाकडे

इचलकरंजीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी 23 वर्षांची, बी.फार्म. झालेली, गल्लीतल्याच मेडिकलमध्ये कामाला. तीन वर्षं हौशी राज्य नाट्य स्पर्धेत काम करते. आता तिला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचंय. आई लिहितात, "घरचे म्हणतात, नटीचं आयुष्य तिशीपर्यंतच. आणि हिचा चेहराही नायिकेचा नाही. औषधांची रिकामी खोकी उलगडून आतल्या बाजूला संवाद लिहिते आणि गिऱ्हाईक नसलं की पाठ करत बसते. हिला अडवू की जाऊ देऊ?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली ती उलगडलेली खोकी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पत्र वाचताना मला ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन आठवल्या. घरच्यांच्या दोन्ही शंकांचं उत्तर या बाईंच्या आयुष्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्लेंडाचा जन्म 1936 चा, इंग्लंडमधल्या बर्कनहेडचा. वडील गवंडीकाम करायचे, चार बहिणींत ही थोरली. शाळा सुटल्यावर ती बूट्स या औषधांच्या दुकानात कामाला लागली आणि दोन वर्षं तिथे काढली. दिवसा दुकान आणि संध्याकाळी गावातल्या हौशी मंडळात नाटक, अगदी तुमच्या लेकीसारखं. 1954 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये जाता आलं. 'शिष्यवृत्ती' या शब्दाखाली रेघ मारा, कारण गवंड्याच्या घरातून तो खर्च झेपणारा नव्हता.

तिथल्या प्रमुखांनी तिला सांगितलं की चाळिशीपर्यंत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस, तू नायिकेच्या नाही, चरित्र भूमिकांच्या घडणीची आहेस. म्हणजे तुमच्या घरात जे बोललं जातंय, तेच तिनेही ऐकलं. पुढची काही वर्षं तर ते खरंच ठरतंय असं वाटावं अशी गेली. छोट्या गावांतल्या नाटक कंपन्यांत मिळेल ते काम केलं, पडद्यामागचंसुद्धा. मधली जवळपास दोन वर्षं नाटकाचं काम अजिबात नव्हतं. तेव्हा कॉफीच्या दुकानात वेटरचं काम कर, कुठे कारकुनी कर, असं चाललं होतं.

1964 च्या सुमारास दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी तिला रॉयल शेक्सपिअर कंपनी या नामवंत नाट्यसंस्थेच्या प्रयोगांसाठी निवडलं, तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. त्यानंतर 'विमेन इन लव्ह' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं 34 व्या वर्षी, दुसरं 37 व्या वर्षी. बीबीसीच्या मालिकेत राणी एलिझाबेथ पहिलीची भूमिका केली तेव्हा तिने कपाळावरचे केस खरोखरच भादरून घेतले, कारण त्या राणीचं कपाळ तसंच रुंद दिसायचं. सुंदर दिसण्याची काळजी करणारी नटी हे करणार नाही. ज्या चेहऱ्याला लोकांनी नावं ठेवली, तोच तिने भूमिकेच्या हवाली केला. मला तिच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात मोठं वाटतं, ऑस्करपेक्षाही.

आता तिशीच्या मुद्द्याकडे येते. 1992 मध्ये, 55 व्या वर्षी, ग्लेंडा अभिनय सोडून मजूर पक्षाच्या खासदार झाल्या. 23 वर्षं संसदेत राहिल्या, मधे दोन वर्षं वाहतूक खात्याच्या कनिष्ठ मंत्रीही होत्या. 2015 ला संसद सोडली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 80 व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात उभ्या राहिल्या किंग लिअर म्हणून. राजाची भूमिका, पुरुषाची, शेक्सपिअरच्या सगळ्यात दमवणाऱ्या भूमिकांपैकी एक. 82 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकासाठी टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये वारल्या, त्याच वर्षी मायकेल केन यांच्यासोबतचा त्यांचा शेवटचा चित्रपट आला.

पण ताई, हे तुमच्या मुलीचं भविष्य म्हणून वाचू नका. ग्लेंडासारखी वाट पाहून शेवटी रिकाम्या हाताने परतलेल्या कितीतरी मुली असतील, त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. मी तुम्हाला यश मिळेल असं वचन देत नाही. मी एवढंच सांगते की वय आणि चेहरा ही अडवण्याची कारणं नव्हेत. खरं कारण एकच असू शकतं, पैशाचं. त्याचा बंदोबस्त तुमच्या लेकीकडे आधीच आहे.

तिची फार्मासिस्ट नोंदणी चालू ठेवा, नूतनीकरणाची तारीख चुकवू देऊ नका. मुंबई असो वा पुणे, औषधांच्या दुकानाला नोंदणीकृत माणूस लागतोच. नाटकाची कामं नसतील त्या महिन्यांत हीच नोंदणी तिचं भाडं भरेल. ग्लेंडाकडे असं हाताशी काही नव्हतं.

दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. पदवी लागते, ती तिच्याकडे आहे. नाटकांत काम केल्याचे पुरावेही मागतात, तेव्हा स्पर्धेतल्या प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र, पत्रक, वर्तमानपत्रातलं कात्रण एका फायलीत लावायला आजच घ्या. वयाची आणि बाकीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. जागा अगदी थोड्या असतात. म्हणून त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा आणि मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचाही अर्ज भरायचा. निवड झाली नाही तर प्रवेश परीक्षा पुन्हा एकदा द्यायची, तोवर नोकरी सोडायची नाही.

आणि एक कळकळीची विनंती. मालिकेत काम देतो म्हणून आधी फोटोंचे किंवा शिकवणीचे लाखभर रुपये मागणारे भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका. माझ्याकडे अशा पालकांची पत्रं येतात आणि तेव्हा दागिने मोडून झालेले असतात.

तिच्या वडिलांना यंदाच्या प्रयोगाला घेऊन जा. त्यांनी अजून तिचं एकही नाटक पाहिलेलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. मागच्या रांगेत बसू दे हवं तर.

निवडीच्या वेळी पाठ केलेला उतारा सादर करावा लागतो. खोक्यांवरचे ते संवाद कुठल्या नाटकातले आहेत, तिला विचारून मला कळवा. त्यातलाच एखादा घेता येतो का ते आपण तिघी मिळून पाहू.