40 हजारांचं काम, कागद मात्र नाही

चाळीसगावहून एका ताईंनी लिहिलंय: एलएल.बी. झाल्या आहेत, तालुक्यात एका वकिलांकडे 16,000 रुपयांवर काम करतात आणि रात्री कायदेविषयक लेख लिहितात. आता मुंबईची एक कंपनी महिन्याला 40,000 रुपयांचं लिखाण देते म्हणते. करार मागितला तर उत्तर आलं, "सुरू तर करा, पेपर्सचं नंतर बघू." घरखर्च 22,000, शिल्लक 60,000, आणि जुन्या एका ग्राहकाकडे 27,000 अडकलेले. नोकरी सोडू का?

ताई, आत्ता सोडू नका. काम मात्र हातचं घालवू नका.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभराचा शेतगडी) ठरतो, तेव्हासुद्धा साल किती, धान्य किती, उचल किती हे चार माणसांत बोललं जातं. तुमच्या व्यवहाराला ती चार माणसंही नाहीत. तोंडी करार 1872 च्या करार कायद्यात चालतो, हे तुम्ही मला शिकवाल. पण ठरलेला दर काय होता, हे उद्या दाखवणार कशावरून?

आता पैशाकडे बघू. समजा एप्रिलभर लिहिलंत, 30 तारखेला बिल पाठवलं आणि 45 दिवसांनी पैसे आले. तारीख उजाडते 14 जून. 10 टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून हातात 36,000. तोवर अडीच महिन्यांचा घरखर्च 55,000 झालेला असेल आणि शिल्लक उरेल 5,000. एक बिल लांबलं की उधारी सुरू.

म्हणून पहिलं काम उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारकडे नाव नोंदवणं. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते, एजंटला एक रुपया देऊ नका. लिखाण सुरू करण्याआधीच ती करून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म व लघुउद्योग कायद्याप्रमाणे लेखी करारातही पैशाची मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. थकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

करारात दर, शब्दसंख्या, किती वेळा दुरुस्ती फुकट, हे तुम्ही लिहालच. माझा जीव अडकतो तो दोन कलमांत. कंपनीच्या मसुद्यात "लेखातील चुकीमुळे होणारं सर्व नुकसान लेखक भरून देईल" असं वाक्य असलं तर तिथेच थांबा. तुमची सगळी बचत 60,000 आहे. जबाबदारी त्या लेखाच्या मानधनापुरतीच, आणि छापण्याआधी तपासणी कंपनीच्या वकिलाची, असं लिहून घ्या. दुसरं, 1957 च्या कॉपीराइट कायद्याने स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या लेखाचा हक्क मुळात त्याचाच असतो आणि तो लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. "पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क कंपनीकडे जातील" एवढं वाक्य घालाच. तुमच्या हातात तारण म्हणावं असं तेवढंच आहे.

आणि हो, कायदा बदलला की जुने लेख पुन्हा लिहावे लागतात. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा भादंविची (जुन्या भारतीय दंड विधानाची) कलमं किती ठिकाणी बदलावी लागली हे तुम्ही पाहिलंय. त्या कामाचा दर वेगळा ठरवा.

करारासाठी 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्या. खर्च जड वाटला तर निदान सगळ्या अटी ईमेलवर मांडून "मान्य" असं लेखी उत्तर मागवा. तेही काही नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

अडकलेले 27,000 हिशेबात धरू नका, पण सोडूही नका. काम झाल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. आजच बिल पुन्हा पाठवा आणि "एवढी रक्कम देणं बाकी आहे" असं त्यांच्याकडून लेखी घ्या. मुदत संपण्याआधी तसं मिळालं तर ती नव्याने मोजली जाते.

कंपनीला सांगा: पहिले तीन महिने निम्मं काम, 20,000 चं, आणि 5,000 उचल. रात्रीच्या वेळेत तेवढं बसतं. दोन बिलं वेळेवर जमा झालेली पासबुकात दिसली, की मग वकीलसाहेबांशी बोला.