‘व्हय म्हाराजा’ संसद चालेल का?

वेंगुर्ल्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय. हुकूमशाही देशांतल्या संसदांवर त्या लेख लिहितायत आणि ‘रबर स्टॅम्प संसद’ला मराठी शब्द हवाय. ‘शिक्कामोर्तब करणारी संसद’ म्हणावं, की आमच्याकडे गमतीने म्हणतात तसं ‘व्हय म्हाराजा संसद’ लिहिलं तर फार गावठी वाटेल?

बाई, ‘शिक्कामोर्तब’ नको. त्या शब्दाला वजन आहे, टोमणा नाही. जुन्या कागदात शिक्का वर आणि मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा, मजकूर संपतो तिथे, म्हणजे खाली कुणी आगाऊ ओळ घुसवायला नको. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ दिसतं ते त्यासाठीच. तिथे निर्णय आणि शिक्का एकाच घरचे असत. तुम्हाला म्हणायचंय ते वेगळं: निर्णय भलतीकडेच झालेला, शिक्का तेवढा संसदेचा.

‘मम म्हणणे’ जास्त जवळचं. संकल्प भटजींचा, यजमानाने पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणायचं. आणीबाणीत आपल्या संसदेने हेच केलं. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९वी घटनादुरुस्ती लोकसभेत ७ ऑगस्ट १९७५ ला मंजूर झाली, राज्यसभेत दुसऱ्याच दिवशी. तुमच्या भागाचे, म्हणजे राजापूरचे, खासदार मधु दंडवते तेव्हा तुरुंगात होते. ‘मम’ म्हणायला नकार देणारे बरेचसे तिकडेच होते.

हिटलरच्या राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेला, मात्र ‘री ओढणारी’ हेच विशेषण द्या, अक्षरशः लागू आहे. २३ मार्च १९३३ ला ४४४ विरुद्ध ९४ मतांनी तिने कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला, तोही एका ऑपेरागृहात बसून, कारण स्वतःची इमारत महिन्यापूर्वी जळाली होती. त्यानंतर सभासदांनी क्वचित कधी जमायचं, भाषण ऐकायचं आणि उभं राहून राष्ट्रगीत म्हणायचं. जर्मन लोक तिला देशातलं सर्वांत महागडं गायन मंडळ म्हणत.

आता तुमचं ‘व्हय म्हाराजा’. मला तर हाच शब्द सगळ्यांत आवडला, आणि गावठी म्हणून नव्हे. गाऱ्हाण्यात, म्हणजे कोकणात देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं घालतात त्यात, एक जण म्हणतो, “बा देवा म्हाराजा, पोराबाळांची, गुराढोरांची राखण कर रे म्हाराजा!” आणि बाकीचे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” लांबून बघणाऱ्याला वाटतं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. पण गावऱ्हाटीत, म्हणजे देवळाच्या मानपानाच्या जुन्या गावरीतीत, वाढलेल्याला विचारा. गाऱ्हाणं कोणी घालायचं, त्याच्या शेजारी कोणी उभं राहायचं, पहिला नारळ कोणाचा, यावरून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. आणि गाऱ्हाणं सुरू होण्याआधी कुणाची नोकरी, कुणाचं आजारपण त्यात हळूच घालून घेतलेलं असतं. म्हणजे ‘व्हय’ ठरलेलंच, पण कशाला व्हय म्हणायचं यात थोडी जागा असते.

हुकूमशहाला संसद लागते ती याचसाठी, असं या विषयाचे अनेक अभ्यासक सांगतात. उद्या डोईजड होतील अशांना मानाची जागा आणि लाभाचा वाटा देऊन आत बसवता येतं, आणि खाली काय खदखदतंय तेही कानावर येतं. चीनच्या संसदेचंच बघा. १९९२ मध्ये थ्री गॉर्जेस धरणाच्या ठरावावर १७६७ प्रतिनिधी बाजूने, १७७ विरुद्ध आणि ६६४ तटस्थ. धरण झालंच, पण एक तृतीयांश सभागृहाची नाराजी कागदावर आली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढली, तेव्हा २९५८ विरुद्ध २! सभा तीच, जागा आक्रसली. व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने तर २०१० मध्ये सरकारचा उत्तर-दक्षिण वेगवान रेल्वेचा प्रस्ताव खर्चाला घाबरून चक्क नाकारला. एकपक्षीय देशात! मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये. (रेल्वेची वाट बघणं म्हणजे काय, ते कोकणी माणसाला सांगायला नकोच.)

बांद्यापलीकडचं, म्हणजे गोव्याचं, उदाहरण मात्र यात बसत नाही, पण लेखात जरूर घ्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या १९३३ च्या घटनेनुसार लिस्बनला राष्ट्रीय सभा होती आणि तिच्यात गोव्याचे प्रतिनिधीही बसत. राजवट १९७४ मध्ये पडेपर्यंत दर निवडणुकीत सगळ्या जागा एकाच सरकारी संघटनेला. १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असं नाव दिलं, मग लिस्बनमधला गोव्याचा प्रतिनिधी जगाला दाखवायला बरा पडे: बघा, ही वसाहत नव्हे, आमचाच प्रांत. तिथे ना ‘मम’, ना ‘व्हय’. ‘देखाव्याची संसद’ म्हणा.

तेव्हा सगळ्यांना एकच शब्द लावू नका. चीन-व्हिएतनामसाठी ‘व्हय म्हाराजा’ बिनधास्त वापरा, पहिल्यांदा येईल तिथे अवतरणात, आणि घाटावरच्या वाचकांसाठी गाऱ्हाण्यावर एक वाक्य खर्च करा. ‘होय महाराजा’ असं शुद्ध करून मात्र लिहू नका, त्यातली सगळी गंमत जाते. आणि चीनच्या सभेला नुसतं ‘काँग्रेस’ लिहू नका. पूर्ण ‘नॅशनल पीपल्स काँग्रेस’ लिहा, नाहीतर अर्धे वाचक तो पक्ष समजतील.