लेदरबॅक कासव आणि ग्रीनलंड शार्क: खोल जाणं वेगळं, खोल राहणं वेगळं

लेदरबॅक कासवही हजार मीटरच्या खाली बुडी मारतं, मग ग्रीनलंड शार्कसारखं त्यालाही खोल समुद्रातला प्राणी का म्हणत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे. आकडा बरोबर आहे. त्याची १,२०० मीटरपेक्षा खोल बुडी नोंदली गेली आहे. पण तो अपवाद. बहुतेक बुड्या २०० मीटरच्या आतच असतात, कारण श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. खोलवर फुप्फुसं दाबानं मिटतात, तेव्हा रक्तात आणि स्नायूंत साठवलेल्या ऑक्सिजनवरच भागवायचं. ती शिदोरी संपत आली की परत फिरायचं. शार्कला कल्ले आहेत, त्याला ही अडचणच नाही. तो २,००० मीटरच्या खालीही दिसला आहे.

मात्र हा शार्क कायम तळाशीच असतो असं समजू नका. आर्क्टिकमध्ये पाणी वरही गार असतं, तिथे तो पृष्ठभागाजवळ येतो. त्याला गारवा हवा, आणि दक्षिणेकडे तो खोलातच मिळतो.

खरा फरक इथेच आहे. लेदरबॅक थंड पाण्यात स्वतःला ऊबदार ठेवतं. प्रचंड देह, चरबीचा थर आणि वल्ह्यांसारख्या पायांत शेजारून वाहणाऱ्या रक्तवाहिन्या: आत येणारं गार रक्त बाहेर जाणाऱ्या गरम रक्ताकडून उष्णता घेतं. त्यामुळे शरीर पाण्यापेक्षा १८ अंशांपर्यंत गरम राहू शकतं. शार्कचं तापमान पाण्याइतकंच, म्हणून त्याचं सगळंच संथ. वेग सेकंदाला जेमतेम ३० ते ३५ सेंटिमीटर, वाढ वर्षाला एक सेंटिमीटरहून कमी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा '५१२ वर्षांचा शार्क' मात्र विसरा. २०१६ च्या अभ्यासात २८ माद्यांच्या डोळ्यांच्या भिंगातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढलं होतं. सर्वांत मोठी मादी ५०२ सेंटिमीटरची. तिचं अंदाजे वय ३९२, अधिक-उणे १२०. ५१२ ही फक्त वरची मर्यादा. जास्त गंभीर आकडा दुसराच आहे: मादी वयात येते ती सुमारे १५० व्या वर्षी. म्हणजे आज मारलेल्या प्रौढ मादीची जागा भरून यायला दीड शतक लागतं.

मासेमारीत दोघांचं नुकसानही वेगवेगळ्या तऱ्हेनं होतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेणाऱ्या जाळ्यात कासव बुडून मरतं. त्यावर उपाय म्हणजे 'टेड': जाळ्यात तिरकी बसवलेली सळ्यांची जाळी. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव वरच्या किंवा खालच्या तोंडातून निसटतं. हे तोंड लहान असेल तर ऑलिव्ह रिडले हे छोट्या जातीचं कासव सुटतं, पण लेदरबॅक अडकतं. म्हणूनच अमेरिकेनं २००३ मध्ये ते मोठं करायला लावलं. शार्क गळाच्या लांब दोरीला लागला तर बरेचदा जिवंतच वर येतो. तेव्हा दोर शक्य तितका तोंडाजवळ कापावा, आणि शेपटीला गुंडाळलेला दोरही काढावा. नुसता गळ सोडवून भागत नाही.

आणि हो, वेळास-आंजर्ल्याला अंडी घालतात ती ऑलिव्ह रिडले. भारतात लेदरबॅकची घरटी मुख्यतः अंदमान-निकोबारला, त्यातही ग्रेट निकोबारच्या गलाथिया खाडीत. ओळख सोपी: कठीण खवल्यांऐवजी कातडी पाठ, आणि तिच्यावर उभ्या सात कंगोऱ्यांच्या रेघा.