न्यू जर्सीचं लायसन्स, टेक्सासमधली मालिश आणि पॉलिसीतली एक ओळ

न्यू जर्सीहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला शिफ्ट झालेल्या एका ताईंचा मेल आलाय. मिस्टरांची नोकरी बदलली. ताईंचं न्यू जर्सीचं मसाज थेरपिस्टचं लायसन्स चालू आहे, कामाच्या इन्शुरन्सचे (क्लायंटला इजा झाली तर कव्हर देतो तो) वर्षाचे पैसे भरलेत, एच-४ व्हिसावरचं (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी आहे, म्हणून आल्या आल्या ओळखीतल्या बाळंतिणींची मालिश सुरू केली. आता त्यातल्या एकीने खांद्याच्या एमआरआयचं बिल व्हॉट्सॲपवर टाकून विचारलंय की हे कोण भरणार. ताई विचारतात, पॉलिसी ५० राज्यांत चालते असं लिहिलंय, मग क्लेम टाकू ना?

असे मेल मला नेहमी येतात, फक्त राज्यांची नावं बदलतात.

ताई, मसाजचं लायसन्स त्या त्या राज्यापुरतं असतं हे तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्हीच पुढे लिहिलंय की "टेक्सासचा फॉर्म भरायचाच होता, सामान लागलं की भरणार होते". त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. ईएडी हा अमेरिकेत काम करायचा परवाना आहे, मालिशचा नाही, हेही सोडून देतो.

सगळं अडलंय ते पॉलिसीतल्या एका ओळीवर. तुम्ही मला ब्रोशर पाठवलंत, पॉलिसी नाही. पॉलिसी म्हणजे पैसे भरल्यावर मेलमध्ये आलेली ती लांबलचक पीडीएफ, जी कोणीच उघडत नाही. ती उघडा आणि लायसन्स हा शब्द शोधा. बहुतेक पॉलिसींमध्ये दोनपैकी एका ठिकाणी तो सापडतो. एक तर व्याख्यांमध्ये, की ज्या ठिकाणी सेवा दिली तिथे ती द्यायला तुम्ही कायद्याने पात्र असलात तरच ती "प्रोफेशनल सर्व्हिस" धरली जाईल. नाहीतर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे काय कव्हर नाही त्या यादीत, की जिथे लायसन्स लागतं तिथे ते नसताना केलेल्या कामाचं आम्ही काही देणं लागत नाही. ५० राज्यं म्हणजे फक्त कव्हर कुठे कुठे चालेल त्याचा नकाशा, काम कायदेशीर होतं का हा प्रश्न ही ओळ विचारते आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर नाही. २० लाख डॉलरची लिमिट असो की ६० लाखांची, या ओळीत अडकलात तर आकड्याला काही अर्थ नाही.

उद्या टेक्सासचं लायसन्स मिळालं तर मागचं कव्हर होईल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही होत. लायसन्स दिलं त्या तारखेपासून पुढे लागू होतं. तुमच्या केसमध्ये एकच तारीख बघायची, ज्या दिवशी त्या बाईंच्या खांद्याला हात लावलात ती, आणि ती आता बदलता येत नाही. न्यू जर्सीच्या जुन्या क्लायंटची मात्र काळजी नको. पॉलिसी ऑकरन्स पद्धतीची असेल (थेरपिस्टांच्या असोसिएशनमार्फत मिळणाऱ्या बहुतेक असतात) तर तेव्हा घडलेल्या गोष्टीचा क्लेम नंतर आला तरी तेव्हाची पॉलिसी उभी राहते. क्लेम्स-मेड (क्लेम येईल तेव्हा पॉलिसी चालू हवी अशी) असेल तर गणित वेगळं, मग ती बंद करायच्या आधी मला विचारा.

आता तुमचा बचाव, "आम्ही पारंपरिक मालिश करतो, मसाज नाही, आणि पैसे त्यांनी झेलवर (फोनवरून बँकेत पैसे पाठवायची सोय) खाऊ म्हणून दिले". ताई, हे कोणासमोर बोलू नका. टेक्सासच्या ऑक्युपेशन्स कोडचं ४५५ वं प्रकरण मालिशला काय म्हणता हे विचारत नाही, शरीराच्या स्नायूंसारख्या मऊ भागांवर हाताने किंवा यंत्राने केलेलं काम बघतं, आणि तेल, गरम पॅक, वाफ या गोष्टी त्यात नाव घेऊन लिहिल्यात. म्हणजे तुमचं तीळतेल, शेक आणि स्वेदन सगळं आलं. खाऊ दर वेळी तेवढ्याच डॉलरचा असेल तर त्याला फीच म्हणतात.

मग क्लेम टाकायचा की नाही? इन्शुरन्स कंपनीला कळवायचं, आणि याच आठवड्यात. उशिरा कळवलं हे त्यांना नकार द्यायला अजून एक कारण मिळेल, ते फुकट का द्यायचं. कळवताना खरं लिहा, तारीख लिहा, टेक्सासच्या लायसन्सचा अर्ज केलेला नव्हता हे विचारलं तर लपवू नका. ते बहुधा "हक्क राखून" असं पत्र पाठवतील, म्हणजे केस बघतो पण नंतर नकार द्यायचा हक्क ठेवतो, घाबरू नका. टेक्सासमध्ये कंपनीने तुमच्या बचावाला वकील द्यायचा की नाही हे मुख्यतः दावा आणि पॉलिसी या दोन कागदांवरून ठरतं, दाव्यात लायसन्सचा उल्लेखच नसेल तर वकील मिळायची थोडी आशा आहे. पण बिल भरतीलच असं मी म्हणणार नाही, माझ्या मते नाही भरणार.

त्या बाईंना टेक्सासमध्ये दावा करायला साधारण २ वर्षं आहेत, आणि २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांचं कोर्ट) वकिलाशिवाय टाकता येतो. म्हणजे गप्प बसलात तर दीड वर्षाने, तुम्ही विसरल्यावर, दारात नोटीस येईल, आणि मग तारीख पे तारीख. त्यांना "सॉरी, माझंच चुकलं, मी देते" असं लिहू नका, तुम्ही आधीच अर्धं लिहून बसलायत. तडजोड बहुतेक परवडेल, पण ती लेखी आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून, नाहीतर त्या पॉलिसीतलं अजून एक कलम मोडाल.

लायसन्सचा अर्ज टीडीएलआरकडे, म्हणजे टेक्सासच्या लायसन्स खात्याकडे. ५०० तास, त्यात ५० तास इंटर्नशिप, टेक्सासच्या कायद्यावरची छोटी परीक्षा, बोटांचे ठसे. तुमचं न्यू जर्सीचं शिक्षण बहुधा पुरेल, पण तासांची विभागणी ट्रान्सक्रिप्टवर दिसायला हवी, आणि वेळ खातात त्या शाळा, बोर्ड नाही. आजच शाळेला फोन करा. न्यू जर्सीचं लायसन्स टेक्सासचं हातात येईपर्यंत लॅप्स होऊ देऊ नका. अर्जात खोटं अजिबात नको. दर दिवसाला, दर उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत दंड करायचा अधिकार त्यांना आहे. एवढा लावतीलच असं नाही. ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर अर्ज सबमिट करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा, तो माझा विषय नाही.

लायसन्स आल्यावर घरून एकट्याने काम करायचं तर सहसा वेगळं एस्टॅब्लिशमेंट (जागेचं) लायसन्स लागत नाही, पण मैत्रिणीला हाताखाली घेतलंत की चित्र बदलतं. पॉलिसीवरचा पत्ताही तेव्हाच बदलून घ्या.

तोवर मालिश बंद, आणि पुढच्या आठवड्याच्या त्या दोन बाळंतिणींनाही नाही सांगा, वाईट वाटलं तरी. मराठी मंडळाच्या ग्रुपवरची जाहिरात काढून टाका, पण त्याआधी तिचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि त्या बाईंसोबतचं चॅट डिलीट करू नका, एकही मेसेज.