स्पीकर घ्याच, पण आधी त्या पॉलिसीचं बघू

नाशिकहून एका वाचकाने लिहिलंय. वय ३८, हातात पगार ८५ हजार, बायको घर सांभाळते, दोन मुलं, होम लोन अजून ३२ लाख बाकी. हॉलसाठी ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) घ्यायचंय, कोटेशन अडीच लाखांचं, २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. प्रश्न एवढाच की अडीच लाख जास्त होतात का, कारण दोन वर्षांनी मनीबॅक पॉलिसीचे (मुदतीच्या मध्येच ठरावीक वर्षांनी काही रक्कम परत देणारा विमा) तीन लाख येणारच आहेत, त्यातून सगळं वसूल होईल.

पॉलिसीच्या कागदाचा फोटो तुम्ही सोबत पाठवलात ते फार बरं केलंत. एजंटने "पाचव्या वर्षी ३ लाख" याभोवती निळ्या पेनाने दोनदा गोल केलाय, आणि त्याच्याच वरच्या ओळीत सम अशुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, १५ लाख लिहिलंय, तिथे पेन टेकलेलंसुद्धा नाही. वर्षाला १ लाख १५ हजार भरताय, म्हणजे पाच वर्षांत पावणेसहा लाख देणार आणि त्यातले तीन परत घेणार. हे पैसे "येणार" नाहीयेत, तुमचेच आहेत. शेवटपर्यंत धरून ठेवलीत तरी असल्या पॉलिसीत वर्षाला साधारण ५ टक्के सुटतात.

पण रिटर्नपेक्षा मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. उद्या तुम्हाला काही झालं तर घरी १५ लाख आणि थोडा बोनस येणार, आणि लोन ३२ लाखांचं आहे. वहिनींनी बँकेचं काय करायचं आणि मुलांच्या फीचं काय करायचं? "इन्शुरन्स आहेच" असं तुम्ही लिहिलंय, तो नसल्यात जमा आहे हो. तुमच्या वयाला, सिगरेट-तंबाखू नसेल तर, एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) वर्षाला साधारण १८-२० हजारात बसतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तुमच्या कोटेशनमध्ये नुसती स्पीकर केबल १८ हजारांची आहे! हॉलमधल्या सात-आठ मीटरसाठी चांगली तांब्याची १४ गेजची वायर पुरते, दुकानदाराला सरळ सांगा नको म्हणून.

आता ईएमआय. ८५ मधून लोनचे २८, पॉलिसीचे महिन्याला साडेनऊ, घरखर्च ४०, राहिले जेमतेम साडेसात हजार. अडीच लाखांचा ईएमआय साडेदहाचा. बसतच नाही. इन्सेन्टिव्हमधून भरू म्हणता, पण तो कधी येईल याची तुम्हालाच खात्री नाही, आणि सेव्हिंगमध्ये फक्त ४० हजार पडलेत.

पॉलिसी बंद केलीत की टर्मचा हप्ता जाऊनही महिन्याला पंधरा-साडेपंधरा हजार मोकळे होतात. त्यातले दहा हजार इमर्जन्सीसाठी लिक्विड फंडात (पैसे लगेच काढता येतात असा म्युच्युअल फंड) टाका आणि पाच हजार स्पीकरसाठी बाजूला ठेवा, वर्षभरात साठ हजार जमतात आणि रोख जाऊन घेता येतं. आणि साठ हजार तुम्हाला पुरतील, कारण तुम्हीच लिहिलंय की सिनेमे फारसे बघत नाही, वडिलांच्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या कॅसेट ऐकायच्यात. ते रेकॉर्डिंग मोनो नाहीतर स्टीरिओ, त्याला पाच स्पीकर कशाला? एक चांगली बुकशेल्फ (छोट्या) स्पीकरची जोडी आणि स्टीरिओ अॅम्प्लिफायर, बस्स. १२ बाय १४ चा हॉल, टाइल्स, उघड्या भिंती, काचेचा स्लायडिंग दरवाजा असं असेल तर तिथे उभं राहून एक टाळी वाजवून बघा. आवाज घुमला तर आधी जाड पडदे आणि गालिचा घ्या, नाहीतर कितीही महाग स्पीकर आणले तरी कर्कशच वाजतील.

पॉलिसी सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधीच बंद केलीत, तर तीन वर्षांत भरलेल्या साडेतीन लाखांपेक्षा बरंच कमी हातात येईल, वाईट वाटेल, पण त्यापायी अजून सतरा वर्षं अडकून राहू नका. कंपनीला पॉलिसी नंबर टाकून मेल करा, सरेंडर व्हॅल्यू (आत्ता बंद केली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर उरणारी विम्याची रक्कम) दोन्ही लेखी मागा, एजंटमार्फत नको, तो घरी येऊन बसेल. मात्र टर्म प्लॅन हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. चौथा हप्ता मार्चमध्ये आहे म्हणता, तर टर्मचं मेडिकल याच महिन्यात उरकून घ्या.