वेलस्लीचा वशिला आणि असईचा उतार

प्रश्न : आमच्या वाचनालयात रविवारी जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली पैसे मोजून कर्नल झालेला, त्यात सख्खा भाऊ गव्हर्नर जनरल, मग कर्तृत्व ते कसलं? आणि पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला वेलिंग्टन तो हाच का? काका, एकदा सोक्षमोक्ष लावा.
– एक वाचक, कळवा

उत्तर : हाच तो. आणि तुमच्या मित्राने वशिल्याची गोष्ट कमीच सांगितली. आयर्लंडमधल्या अर्लच्या, म्हणजे उमरावाच्या, घरचा हा धाकटा मुलगा १७८७ साली फौजेत शिरला. पुढचे हुद्दे सरकारमान्य दराने विकत मिळत. थोरल्या भावाने पैसे दिले आणि १७९३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, हा लेफ्टनंट कर्नल. तोवर लढाई पाहिली नव्हती. आयरिश संसदेत मात्र १७९० पासून बसत होता.

पण असई भावाने जिंकून दिली नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने १८०२ च्या अखेरीस वसईला इंग्रजांशी तह केला आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायला वेलस्ली पुण्यात आला. त्याच्या पत्रांत तलवारीपेक्षा बैल आणि तांदूळच जास्त. टिपूच्या नावाजलेल्या म्हैसुरी बैलांचा कळप त्याच्या हाती आला होता. रसद वेळेवर पोचली नाही तर सैन्य जागचं हलत नाही, हे त्याला नीट कळलं होतं. मला विचाराल तर त्याची खरी हुशारी इथेच.

२३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यात, पलीकडे मराठ्यांचा अफाट जमाव आणि याच्याकडे जेमतेम सात हजार. मध्ये केळणा नदी. वाटाडे सांगत होते, इथे नदी ओलांडायला उतार नाही. याला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. एवढी जवळची गावं, म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने अंदाज बांधला. उतार निघाला आणि फौज पलीकडे गेली.

पुढचं मात्र सोपं गेलं नाही, आणि हे आपल्या लोकांनी छातीठोकपणे सांगावं. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडले, इंग्रज पलटणी पुढे सरकताच उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. अठ्ठ्याण्णव तोफा त्याच्या हाती लागल्या खऱ्या. पुढे नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकूनही, तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, या प्रश्नाला त्याने 'असई' असंच उत्तर दिल्याचं सांगतात.

राजकारणात त्याची गाडी तेवढी धावली नाही. १८२८ ला पंतप्रधान झाला. मनातून विरोध असूनही कॅथलिकांना संसदेची दारं उघडणारा कायदा त्याने १८२९ मध्ये करून घेतला, त्यापायी एका लॉर्डशी पिस्तुलांचं द्वंद्वही खेळला. मतदानाच्या सुधारणेला मात्र तो असा आडवा आला की १८३० मध्ये सरकार पडलं आणि पुढे जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या.

हुद्दे विकण्याच्या पद्धतीची बाजू तो म्हातारपणीही घेत राहिला. ती १८७१ मध्ये बंद झाली, तेव्हा त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.