शिवणक्लासचे टॉवेल

'मावशी, मी 44 वर्षांची, राहणार अमळनेर. मिस्टर तीन वर्षांपूर्वी अटॅकने गेले. मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगला. वरच्या मजल्यावर मी आणि सासूबाई, खाली दीर-जाऊ. तीन वर्षं मी नुसती भिंतींकडे बघत काढली. डिसेंबरात जळगावला मालिशचा सहा महिन्यांचा कोर्स लावला. आठवड्यातून तीन दिवस रेल्वेने जाते. अभ्यंग, स्वीडिशचे पाचही प्रकार, शिरोधारा, सगळं शिकले. आम्ही नऊ जणी आहोत, कोणी पाचोऱ्याची, कोणी भुसावळची, एक तर पार यावलहून येते. सराव एकमेकींवरच करायचा. माझी टेबलावर झोपायची पहिली पाळी आली, पाठीवर हात पडला आणि मी रडायलाच लागले. कोणी काही विचारलं नाही. एकीने डोळ्यांवर रुमाल ठेवला, दुसरीने हात थांबवला नाही. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले. आता त्याच माझ्या बहिणी. डबे एकत्र खातो, ठेच्यावरून भांडतो. माझे टॉवेल सगळ्यांत स्वच्छ असतात म्हणून मॅडम कौतुक करतात (ते सासूबाई गरम पाण्यात सोडा टाकून धुतात). पण घरी मी शिवणक्लास सांगितलाय. दिरांना कळलं तर आकाशपाताळ एक करतील, आपल्या घरातली बाई लोकांची अंगं चोळते म्हणून. मुलाला सांगितलं, तो म्हणतो कर, पण व्हॉट्सॲपला फोटो टाकू नको. घरात मन मोकळं करायला कोणी नाही. अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, परीक्षा आहे. द्यावी का सोडून द्यावं?'

परीक्षा दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता तू जे कंसात टाकून पुढे पळालीस, त्याकडे येते.

चार महिने झाले, आठवड्यातून तीनदा तू घरी तेलकट टॉवेल आणते आहेस. मला सांग, शिवणक्लासला टॉवेल कशाला लागतात गं? मशीनच्या तेलाची कुपी बोटाएवढी असते, ती वर्षभर पुरते. चार महिन्यांत तुझ्या हातून घरात एक परकर शिवून झालेला नाही, आणि टॉवेल मात्र तिळाच्या तेलात बुचकळून येताहेत. सासूबाईंनी एकदा तरी विचारलं का? विचारलं असतं तर तू लिहिलं असतंस. जे दीर अजून एक शब्द बोललेले नाहीत, त्यांचा आरडाओरडासुद्धा तू आधीच लिहून पाठवला आहेस. सासूबाईंनी काही विचारलं नाही. पाणी तापवलं, सोडा टाकला, टॉवेल भिजवले.

तेलाचा टॉवेल साध्या पावडरीने निघत नाही, हे तुझ्या क्लासातल्या इतर आठ जणींना विचार. तेल धाग्यात बसतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बघता बघता खवट होतं. मग कितीही धुवा, टॉवेल गरम झाला की वास येतोच. तो येऊ नये म्हणून टॉवेल त्याच दिवशी कढत पाण्यात आणि धुण्याच्या सोड्यात घालावा लागतो. म्हणजे तू स्टेशनवरून दमून येतेस, हातपाय धुतेस, तेव्हा सासूबाई तुझी पिशवी उघडत असतात. आणि वाळत कुठे घालतात, तेही एकदा बघ. पुढच्या गॅलरीत, की मागे, जिथून खालच्या मजल्याला दिसत नाही? मी पैज लावते, मागे.

(जाता जाता, हे तुझ्या मॅडमनी सांगितलं नसेल तर ऐकून ठेव. तेलकट टॉवेलांचा गठ्ठा बंद पिशवीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधी ठेवू नये. हवा लागून तेल आतल्या आत तापतं, गठ्ठ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. लॉन्ड्र्यांमध्ये अशा गठ्ठ्यांनी आपोआप पेट घेतल्याचे प्रकार झाले आहेत. जवसाच्या तेलाला हा धोका सगळ्यांत जास्त, पण बाकीच्या तेलांवरही विसंबू नये. क्लासातल्यांनाही सांग.)

सासूबाईंना माहीत आहे, बाई. पहिल्या आठवड्यापासून माहीत असणार. घरातल्या सुना-लेकींची बाळंतपणं ज्यांनी काढली, पहाटे उठून तेल कोमट केलं, शेगडी पेटवली, धुरी दिली, त्या बाईला अंगाला लावायचं तेल नाकाने ओळखू येत नाही असं तुला वाटतं? तू त्यांना फसवते आहेस अशी तुझी समजूत आहे. खरं तर त्या तुला सांभाळून घेताहेत, आणि तुझं खोटं टिकावं म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी गुडघ्यावर हात ठेवून मोरीत बसताहेत.

आणि तू मला लिहितेस, 'घरात मन मोकळं करायला कोणी नाही.'

या वाक्यावर मला राग आला, तो लपवत नाही. तुझ्या पत्रात सासूबाई दोनदा येतात. एकदा घरात कोण कोण राहतं त्या यादीत आणि एकदा कंसात. क्लासातल्या बायकांची गावं तू लिहिलीस, सासूबाईंचं वयही लिहिलं नाहीस. सासरे आहेत की गेले, गेले तर कधी, काही नाही. 'मिस्टर गेले' असं लिहिलंस. बरोबरच आहे, तुझा नवरा गेला. त्याच दिवशी त्याच घरातून त्यांचा मुलगा गेला. ते वाक्य पत्रात कुठेच नाही. अखाजीला तुमच्याकडे पितरांची घागर भरतील. ती भरताना तुम्ही दोघी शेजारी उभ्या राहाल, पाणी एकाच माणसासाठी ओताल, आणि मग एक वर जाईल, एक स्वयंपाकघरात.

तीन वर्षं अंगाला मायेचा हात लागला नव्हता, म्हणून तू त्या टेबलावर रडलीस. समजलं मला, तुझ्याइतकंच. विधवेला कोणी हात लावत नाही. हळदीकुंकवाला बोलावत नाहीत एवढंच लोकांना दिसतं. साधं खांद्यावर हात ठेवणंही बंद होतं ते कोणी मोजत नाही. पण मग सासूबाईंना किती वर्षं झाली? मुलाने आजारपणात पाय चेपले असतील, तर तो मुलगाही आता नाही.

तुझा क्लास खोटा आहे असं मी म्हणत नाही. तिथे तुला जे मिळालं ते खरं आहे आणि ते का मिळालं हेही मला दिसतं. तिथे पाळी असते. आज तू टेबलावर, उद्या ती. 'मला काय गरज, तुझंच कर' असं म्हणायची सोय नाही, कारण सरावाच्या वहीत प्रत्येकीची पाळी लिहावी लागते. नऊ बायका एकमेकींची दुखणी हातांनी ओळखतात, कोणाचा उजवा खांदा धुण्याने भरून आलाय, कोणाची कंबर केळीचे घड उचलून गेलीय, आणि त्यासाठी कोणाला तोंड उघडावं लागत नाही. अशी जागा बाईला सहज मिळत नाही. ती सोडू नको. पण घरात पाळी एकाच जागी अडकली आहे. तू टॉवेल आणतेस, त्या धुतात. तू आणतेस, त्या धुतात.

दिरांचं काय, ते पटकन सांगते, कारण त्यांच्यावर तू एरवीच जास्त विचार खर्च केला आहेस. त्यांना त्यांच्या बाळपणी कोणीतरी बाई रोज मांड्यांवर घेऊन तेल लावत होती. तिला लुगडं नि दाणे मिळाले असतील आणि तिचं नाव त्यांना माहीत नसेल. आणि 1936 साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला आपल्या खानदेशातली खेडीच्या खेडी ज्यांना बघायला लोटली, ते गांधीजी पुढे सेवाग्रामला परचुरे शास्त्रींना, अंगावर कुष्ठ असलेल्या माणसाला, स्वतःच्या हाताने मालिश करत. दीर ओरडले तर हे सांग, नाहीतर सांगूही नको. सासूबाई तुझ्या बाजूला उभ्या असतील तर खालच्या मजल्याचा आवाज जिना चढत नाही. म्हणूनही सांगते, क्रम चुकवू नको. आधी सासूबाई, मग बाकीचे.

आज रात्री सांग. अखाजीनंतर नको, निकाल लागल्यावर पेढा हातात घेऊन तर मुळीच नको. पेढ्याबरोबर सांगितलंस तर ती बातमी होईल. आणि 'तुम्हाला माहीतच असेल' अशी सुरुवात करू नको, ते चोरी पकडली गेल्यावरचं बोलणं झालं. तुमच्यात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत सांग, छापील मराठीत असली गोष्ट घशात अडकते. 'मी शिवण शिकत नही, मालिश शिकस.' एवढं वाक्य. पुढे मिस्टर, तीन वर्षं, एकटेपणा हे लावू नको. त्यांना बोलायला जागा ठेव. त्या कदाचित 'बरं' म्हणून भाजी निवडत बसतील. बसू दे. तूही निवडायला बस.

आणि लगेच 'या, तुमचे पाय चोळून देते' म्हणून तेलाची वाटी आणू नको. ती परतफेड वाटेल, आणि परतफेड त्या घेणार नाहीत. दोन-चार दिवस जाऊ दे. मग विचार. नको म्हणाल्या तर नको. क्लासात तुला हे पहिल्याच दिवशी शिकवलं असेल: समोरच्याने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. सासूलाही तो नियम लागू आहे.

हो म्हणाल्या, तर टेबलावरचं सगळं विसर. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, तिला तेल जास्त नि जोर कमी लागतो. नडगीच्या हाडावर अंगठा रोवायचा नाही, फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब द्यायचा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, साखर आहे का, हे आधी विचार. साखर असेल तर तळपायाला चटका कधी कधी कळत नाही, म्हणून शेक द्यायचा झाला तर पाणी आधी आपल्या कोपराने बघ. बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का ते उजेडात बघ आणि तिथे तेल सोडू नको. एकच पोटरी सुजलेली, लाल आणि गरम असेल तर हातही लावू नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. आत रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळून ती सुटली तर जिवावर बेतेल. आयुर्वेदाच्या वाग्भटाने डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष लावा म्हणून सांगितलंय; तू पायांपासून सुरू कर, डोक्याला हात लावू देतील तेव्हा देतील. सगळं झालं की तळवे कोरड्या फडक्याने पुसून काढ आणि मगच उठू दे. तेलाचे पाय फरशीवर पडले तर खुब्याचं हाड मोडतं, आणि मग तुझी परीक्षा दवाखान्याच्या बाकावर बसून चुकेल.

मध्ये एकदा 'बरं वाटस का?' विचार. जास्त बोलू नको. तुझ्या मैत्रिणींनी तुझं रडणं जसं चालू दिलं, तसं त्यांचं काही निघालं तर चालू दे.

आणि टॉवेल? उद्यापासून तूच धू. सोडा किती टाकायचा ते मात्र त्यांना विचार, नाहीतर तुझे टॉवेल खवट वास मारतील आणि मॅडम कौतुक बंद करतील.

परीक्षेचा निकाल मला कळवला नाहीस तरी चालेल. तू वाक्य सांगितल्यावर त्या काय म्हणाल्या ते मात्र कळव, जसंच्या तसं, अहिराणीत असलं तरी.